गडी जखमी झाला, आता न्यायचा कुठे?

मागच्या महिन्यात इथे टेबलटॉप रोलप्लेइंग गेम्सबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढे मेल येतील असं खरंच वाटलं नव्हतं. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एकजण डीएम म्हणजे डन्जन मास्टर होऊन गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, आपलं पात्र काय करतंय ते तोंडाने सांगतात, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. बोर्ड नसला तरी चालतं, समोसे नसले की भांडणं होतात. यावेळी फक्त खेळाच्या 'जगां'बद्दलचे, म्हणजे गोष्ट जिथे घडते त्या पुस्तकात तयार मिळणाऱ्या काल्पनिक दुनियांबद्दलचे प्रश्न घेतेय, नियमांचे पुढच्या वेळी.

प्रश्न (नाशिक): ताई, आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, कॅम्पेन म्हणजे बरेच दिवस चालणारी सलग गोष्ट सुरू करायचीय, मीच डीएम. व्हिडिओ बघून बघून डोकं दुखलं पण मला तर सगळी जगं सारखीच वाटतात, सगळीकडे एल्फ, सगळीकडे दाढीवाले ड्वार्फ, एक दुष्ट जादूगार, एक ड्रॅगन. नावं आणि नकाशे सोडले तर फॉरगॉटन रेल्म्स, ड्रॅगनलान्स, एबेरॉन यांच्यात नक्की फरक काय? पुस्तकं महाग आहेत, एकच घेणार आहोत.

उत्तर: रास्त प्रश्न आहे, मलाही पहिली दोन वर्षं असंच वाटायचं. नकाशावरून काही म्हणजे काही कळत नाही, कुठल्याही नकाशात वर बर्फ असतो, खाली वाळवंट असतं आणि मधे अमक्याचं शापित जंगल. मी काय करते सांगू का, एक गडी घेते, पहिल्या लेव्हलचा, म्हणजे अगदी नवखा, साधा फायटर, त्याच्या मांडीत तलवार खुपसते आणि बघते की आता याला न्यायचं कुठे, बरं कोण करणार आणि पैसे कोण भरणार. एवढं कळलं की ते जग बऱ्यापैकी कळतं.

फॉरगॉटन रेल्म्समध्ये गडी जखमी झाला तर चिंता नाही, जवळचं देऊळ गाठा. हे जग एड ग्रीनवूड नावाच्या कॅनेडियन माणसाने शाळकरी वयात, १९६७ च्या आसपास रचायला घेतलं, आणि डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा गेम काढणाऱ्या टीएसआर कंपनीने १९८७ ला त्याचा बॉक्स काढला. तिथे देव इतके आहेत की मोजायचा कंटाळा येतो, आणि ते खरोखर नवसाला पावतात, म्हणजे क्लेरिकने, देवाच्या पुजाऱ्याने, हात ठेवला की जखम बंद. वॉटरडीपसारख्या मोठ्या शहरात खिसा गरम असेल तर मेलेला माणूसही उठून बसतो. जादू मुबलक, जादूगार मुबलक, त्यामुळे तिथली अडचण वेगळीच, एल्मिन्स्टरसारखा म्हातारा महाजादूगार त्याच जगात बसलेला असताना गावावरचं संकट निवारायला आपली लेव्हल दोनची पोरं का जातायत? याचं उत्तर डीएमला दर वेळी शोधावं लागतं. मी सरळ सांगते की म्हातारा दुसरीकडे बिझी आहे.

आता तोच गडी ड्रॅगनलान्समध्ये न्या. ट्रेसी हिकमन आणि मार्गारेट वाइस यांचं हे जग, १९८४ चं, नाव क्रिन. इथे देऊळ आहे पण आत कोणी नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी इस्टार नावाच्या नगरीच्या मुख्य पुजाऱ्याने देवांनाच हुकूम सोडायचा प्रयत्न केला, देवांनी त्या नगरीवर आगीचा डोंगर टाकला, आणि तेव्हापासून हाक मारली तर ओ देणारं कुणी नाही. खरा क्लेरिकच नाही म्हटल्यावर मांडीतली जखम पट्टी बांधून सोसायची. म्हणजे रेल्म्समध्ये जे चहा पिण्याइतकं सोपं आहे तेच इथे अख्ख्या पहिल्या गोष्टीचं कारण आहे, एका बाईच्या हातात निळ्या स्फटिकाची काठी येते, तिने माणूस बरा होतो, आणि सगळं जग त्या काठीच्या मागे लागतं. नाणीसुद्धा पोलादाची आहेत, कारण एवढ्या पडझडीनंतर सोनं घेऊन करायचं काय, पोलादाची निदान तलवार तरी होते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे एवढंसं तपशीलातलं काम फार आवडलं होतं, अजून आवडतं.

एबेरॉनमध्ये मात्र थेट दवाखाना! २००२ साली विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने नवीन जगासाठी जाहीर स्पर्धा ठेवली, अकरा हजारांच्या वर कल्पना आल्या, त्यातून कीथ बेकरची निवडली गेली आणि २००४ ला पुस्तक आलं. तिथे शंभर वर्षं चाललेलं महायुद्ध दोनच वर्षांपूर्वी संपलंय, सायर नावाचा अख्खा देश एका दिवसात धुक्यात नाहीसा झालाय आणि का झाला ते कुणालाच माहीत नाही. जादू आहे, पण ती वीज-टपाल-रेल्वेसारखी, आणि तिचे धंदे घराण्यांनी वाटून घेतलेत. उपचाराचा धंदा हाउस जोरास्कोचा, हे हाफलिंग म्हणजे बुटके लोक, आधी फी मग हात. निरोप पाठवायचा तर नोम नावाच्या जमातीचं हाउस सिव्हिस, बँक ड्वार्फांची. देव आहेत का याचीसुद्धा खात्री नाही. आणि तुमचा गडी जर वॉरफोर्ज्ड असेल, म्हणजे युद्धासाठी बनवलेला लाकूड-लोखंड-दगडाचा जिवंत सैनिक, तर त्याला दवाखान्यात न्यायचं की गॅरेजमध्ये? हा विनोद नाहीये, २००४ च्या नियमात बरं करणारे मंत्र त्याच्यावर निम्मेच चालायचे, दुरुस्तीचे मंत्र वेगळे होते. आमच्या टेबलावर यावरून अर्धा तास वाद झाला आणि मग त्या वॉरफोर्ज्डने विचारलं, मी युद्धासाठी बनवलेलो, युद्ध संपलं, आता मला नोकरी कोण देणार? सगळे एकदम गप्प. असला प्रश्न रेल्म्समध्ये कुणाला पडला नसता.

तेव्हा ग्रुप बघून ठरवा. पोरांना मोकळं भटकायचं असेल तर रेल्म्स, एक मोठी ठरलेली महाकथा जगायची असेल तर ड्रॅगनलान्स, कारस्थानं, हेरगिरी, रेल्वेच्या टपावरची मारामारी आवडत असेल तर एबेरॉन. माझा कौल एबेरॉनला, पण मी पक्षपाती आहे हे आधीच सांगते.

प्रश्न (पिंपरी): आमच्या डीएमने डार्क सन लावलंय. दुसऱ्याच सेशनला माझी हाडाची तलवार तुटली, पाण्याचा हिशोब वहीत लिहावा लागतो आणि पार्टीतल्या, म्हणजे आमच्या पात्रांच्या टोळीतल्या, विझार्डने स्पेल (मंत्र) टाकली की आजूबाजूचं गवत मरतं. हा गेम आहे का शिक्षा?

उत्तर: शिक्षा आहे हो, पण गोड शिक्षा. डार्क सन १९९१ चं, टिमोथी ब्राउन आणि ट्रॉय डेनिंग यांचं, आणि त्यातली ब्रॉम या चित्रकाराची चित्रं बघितली की घशाला कोरड पडते. जगाचं नाव अथास. तिथे जादूची ताकद येते झाडाझुडपांच्या जीवातून, जो घाईघाईने ओढतो तो डिफायलर, त्याच्या पायाखालची माती राख होते, जो जपून घेतो तो प्रिझर्व्हर. हजारो वर्षं डिफायलर लोकांनी ओरबाडलं म्हणून ते जग वाळवंट झालंय, आणि त्यातलेच सगळ्यात मोठे ओरबाडणारे आता एकेका शहराचे राजे होऊन बसलेत. म्हणजे तुमच्या मित्राने स्पेल टाकली आणि गवत मेलं तर डीएम तुम्हाला छळत नाहीये, तो त्या जगाचा इतिहास तुमच्या पायाशी आणून ठेवतोय.

धातू जवळपास नाहीच. नाणी भाजलेल्या मातीची. बिनधातूच्या वस्तू नेहमीच्या किमतीच्या एक टक्क्यात मिळतात आणि धातूची वस्तू पूर्ण किमतीत, म्हणजे तुलनेने शंभरपट महाग झाली की नाही. तुमच्या ओळखीचं सगळं तिथे उलटं केलंय: एल्फ म्हणजे पळत पळत वाळवंट पार करणारे भटके लुटारू, कुणी त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही, आणि गोंडस हाफलिंग जंगलात राहतात आणि माणसं खातात. नोम तर संपलेच.

मी हे चालवलं तेव्हाचा एक प्रसंग सांगते. पार्टीला एका पडक्या वाड्यात कोरडी विहीर सापडली, तिच्या रहाटाला लोखंडी साखळी. दुसऱ्या कुठल्याही जगात त्या साखळीकडे कुणी ढुंकून बघितलं नसतं, मीसुद्धा ती वर्णन करायची म्हणून टाकली होती. पोरांनी पुढचा दीड तास त्या साखळीवर घालवला, कशी काढायची, कोण उचलणार, शहरात शिरताना कुठे लपवायची, आणि ती वाहायची तर पाण्याची एक कातडी पिशवी इथेच टाकावी लागेल, मग साखळी का पाणी? त्यात एक खेळाडू लातूरकडचा, २०१६ ला मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं तेव्हा तो शाळेत होता, तो एकटाच म्हणत राहिला की साखळी गेली खड्ड्यात, पाणी सोडायचं नाही. बाकीच्यांनी साखळी घेतली. तिसऱ्या दिवशी काय झालं ते सांगत नाही, पण साखळी अजून त्या वाळवंटातच कुठेतरी पडलीये.

तलवारीचं दुःख करू नका, दोन-तीन हाडाच्या जवळ ठेवा, स्वस्त असतात. आणि मूळ नियमात एकाऐवजी चार पात्रं तयार ठेवायला सांगितलंय, आपण मरणार हे लेखकांना माहीतच होतं.

प्रश्न (ठाणे): मी रेल्म्समध्ये कॅम्पेन चालवतो. एक मित्र २०२३ चा, रेल्म्समध्येच घडणारा बाल्डर्स गेट ३ हा कॉम्प्युटर गेम तीनदा पूर्ण करून आलाय, आता दर वाक्याला "असं नाहीये, लोरमध्ये (म्हणजे त्या जगाच्या ठरलेल्या इतिहासात) वेगळं आहे" म्हणून अडवतो. काय करू?

उत्तर: त्याला सांगा की ग्रीनवूडचे १९७९ पासूनचे मासिकातले लेख बरेचसे एल्मिन्स्टरच्या तोंडून ऐकलेले म्हणून लिहिलेत, आणि एल्मिन्स्टर थापा मारतो. झालं, लोर संपलं.

पण प्रश्न तसा गमतीचा आहे, कारण जगाजगात हाही फरक असतो, तिथलं घड्याळ चालतं का थांबलेलं असतं. रेल्म्सचं घड्याळ पळतं. एवढंच नाही तर डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या नियमांची नवीन आवृत्ती आली की तिथे कुठलीतरी देवता मरते! दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी, १९८९ ला, सगळे देव माणसं होऊन जमिनीवर आपटले, जादूची देवी मिस्ट्रा मेली, तिच्या जागी दुसरी बसली, आणि नियमातून असासिन (मारेकरी) हा क्लास म्हणजे पात्राचा प्रकार काढला होता म्हणून गोष्टीत एका फटक्यात सगळे असासिन मारून टाकले. २००८ ला चौथी आवृत्ती आली, परत मिस्ट्रा मेली, जादूच फाटली. बिचारीचं नशीबच खराब. जर्मनीत दास श्वार्त्से आउगे म्हणून गेम आहे, १९८४ पासूनचा, त्यांचं आव्हेंटुरिएन नावाचं जग तर इतकं पुढे सरकतं की त्या जगाचं स्वतःचं वर्तमानपत्र निघतं.

उलट एबेरॉनचं घड्याळ तिथल्या ९९८ सालावर थांबलेलं आहे, मुद्दाम. सायर का बुडालं याचं अधिकृत उत्तर दिलेलंच नाही, ते प्रत्येक टेबलाने आपापलं ठरवायचं. तुमच्या मित्रासारखा माणूस तिथे नेऊन सोडा, अडवायला काही सापडणार नाही.

प्रश्न (सोलापूर): गेममधल्या पुस्तकात 'राक्षस' म्हणून मॉन्स्टर आहे, त्याला वाघाचं डोकं आणि हात उलटे! लहानपणापासून रावण बघतोय, हा वाघ कुठून आला? आणि आपल्याकडच्या गोष्टींवर बेतलेलं जग कुणी केलंय की नाही?

उत्तर: हाहा, हा प्रश्न यायचाच होता. तो १९७५ लाच एका मासिकात आला होता, पण १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअल या पुस्तकात डेव्हिड ट्रॅम्पियर नावाच्या चित्रकाराने त्याला कोट-बीट घालून, हातात पाइप देऊन ऐटीत खुर्चीत बसवलं, आणि त्या एका चित्राने असा शिक्का बसला की तिकडे राक्षस म्हणजे वाघच. त्याला मारायचा उपाय काय तर क्लेरिकने मंतरलेला क्रॉसबोचा बाण. हे कुठल्या पुराणात आहे म्हणून शोधत बसू नका, हे एका अमेरिकन टीव्ही मालिकेतल्या भागातून उचललंय. तरी रूप पालटणं, भुलवणं हे गुण आपल्याकडचेच घेतलेत, मारीच आठवा. एबेरॉनमध्ये त्यांचा वापर सगळ्यात हुशारीने केलाय असं माझं मत, तिथे राक्षस हे बांधून ठेवलेल्या आदिम दुष्ट शक्तींचे सेवक आहेत आणि हजारो वर्षं पडद्याआडून राजकारण हलवतात, तलवार घेऊन समोर येतच नाहीत.

आपले देव तर १९७६ च्याच पुरवणीत आले होते, आणि १९८० च्या पुस्तकात इंद्र, अग्नी वगैरे मंडळींना चक्क हिट पॉइंट्स, म्हणजे किती मार सोसतील त्याचे आकडे, दिलेत. अग्नीला मारून किती एक्सपीरियन्स मिळतो असा हिशोब करणारी पोरं तेव्हा तिकडे असणारच.

भारतीय उपखंडाशी खरा जुना धागा असलेलं जग म्हणजे टेकुमेल. एम. ए. आर. बार्कर हा भाषाशास्त्राचा प्राध्यापक, मिनेसोटा विद्यापीठात उर्दू शिकवायचा, उर्दूचं मोठं पाठ्यपुस्तक त्याच्या नावावर आहे. त्याचं 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' १९७५ ला आलं, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स आल्यावर एका वर्षात. एल्फ नाहीत, ड्वार्फ नाहीत, युरोपचा वाससुद्धा नाही. कुळं, पंथ, मानपान, कोण कुणाशी बोलताना कुठलं सर्वनाम वापरणार. सुरुवातीला तुम्ही जकाल्ला बंदरात उतरलेले अडाणी परदेशी असता आणि तुम्हाला परदेशी वस्तीबाहेर सोडत नाहीत, कारण बाहेर जाऊन एक शब्द चुकलात तर सुळावर जाल. तू-तुम्ही-आपण यात वाढलेल्या माणसाला हे लगेच समजतं, अमेरिकन पोरांना मात्र ते डोंगराएवढं वाटायचं म्हणे. पण यात एक कडू घास आहे आणि तो न सांगणं बरं नाही: बार्करच्या मृत्यूनंतर, २०२२ ला, त्याचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेनेच जाहीर केलं की त्याने टोपणनावाने नवनाझी विचारांची एक कादंबरी लिहिली होती. त्यानंतर कित्येकांनी ते जग बाजूला ठेवलं. मी विकत घेतलेलं पुस्तक फेकलं नाही, पण टेबलावर परत काढलंही नाही.

आत्ताचं काही हवं असेल तर २०२२ चं 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' बघा, त्यातलं मणिवर्षाचं साहस मिमी मोंडल या भारतीय लेखिकेने लिहिलंय, बंगालसारखा नद्यांचा प्रदेश. पाथफाइंडर गेमच्या जगात वुद्रा नावाचा भारतासारखा देशही आहे. सह्याद्री, किल्ले, घाटवाटा असलेलं जग मात्र माझ्या बघण्यात नाही, ज्याने केलंय त्याने कळवा, पहिली खेळाडू मी.

प्रश्न (बेळगाव): ग्लोरांथाबद्दल खूप ऐकलंय, पण वाचायला घेतलं तर अभ्यासक्रमासारखं वाटतं. शिवाय तिथे म्हणे बदकं ढाल-तलवार घेऊन लढतात. एवढं डोकं लावण्याच्या लायकीचं आहे का?

उत्तर: बदकं आहेत. हसून घ्या, मग पुढे बोलू.

झालं? तर ग्रेग स्टॅफर्ड नावाच्या माणसाने १९६६ ला, कॉलेजात असताना, पुराणकथांच्या वेडापायी हे जग लिहायला घेतलं, १९७५ ला त्यावर बोर्डगेम काढायला केऑसियम ही कंपनी काढली, आणि १९७८ ला रूनक्वेस्ट हा रोलप्लेइंग गेम आला. बाकीच्या जगात पुराणकथा म्हणजे पुस्तकाच्या शेवटी दोन पानं देवांची यादी. इथे पुराणकथा हेच तिथलं विज्ञान. पृथ्वी सपाट आहे, म्हणजे लोकांना तसं वाटतं असं नाही, ती आहेच सपाट. सूर्य रात्री खरोखर पाताळात उतरतो. ब्राँझ खाणीत सापडतं ते मेलेल्या देवांची हाडं म्हणून. आणि जादू फक्त विझार्डकडे नाही, शेतकऱ्यालाही दोन मंत्र येतात, गवळणीलाही येतात.

मुख्य कथा अशी की वादळाचा देव ऑर्लांथ याने सूर्यसम्राट येल्म याला मारलं, जगात अंधार झाला, सगळं मरायला लागलं, मग याला पश्चात्ताप झाला आणि सोबती घेऊन पाताळात उतरून त्याने सूर्य परत आणला. ऑर्लांथला मानणारे हे अभिमानाने सांगतात. सूर्यपूजक हीच गोष्ट सांगतात तेव्हा ऑर्लांथ बंडखोर खुनी असतो. आणि दोन्ही खरं! आपल्याला हे नवीन नाही हो, एकाच देवाची कथा धनगर वेगळी सांगतो आणि कीर्तनकार वेगळी, आपण दोन्हीकडे हात जोडतो. यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे हिरोक्वेस्ट, तुमचं पात्र विधी करून त्या कथेच्या आत शिरतं आणि देवाने जे केलं ते पावलापावलाने स्वतः करतं, जमलं तर त्याची ताकद घेऊन परत येतं, चुकलं तर गावाचंही वाटोळं. कोकणात रात्रभर दशावतार बघितलेल्या माणसाला, पहाटे रंग लावलेल्या नटाच्या पाया पडणारी म्हातारी बघितलेल्या माणसाला, हे समजावून सांगावं लागत नाही.

आता आपला जखमी गडी. रूनक्वेस्टमध्ये 'अंगावर बारा पॉइंट लागले' असं मोघम नसतं, वार डाव्या पायावर लागला का पोटावर का डोक्यावर ते फाशावर ठरतं, प्रत्येक अवयवाचे पॉइंट वेगळे. एक वार आणि पाय गेला, गडी खाली. म्हणून शहाणी माणसं तिथे शेवटपर्यंत लढत नाहीत, शरण जातात, आणि प्रत्येकाची खंडणी ठरलेली असते, ती भरून कुळाने सोडवून न्यायचं. बरं करायला शालाना अरॉय या देवीच्या पांढऱ्या कपड्यातल्या वैद्य असतात, त्यांनी शपथ घेतलेली असते की कुठल्याच जीवाला इजा करणार नाही. अशी वैद्य तुमच्या पार्टीत असली तर ती जखमी शत्रूलाही पट्टी बांधणार आणि तुम्ही काही बोलू शकत नाही. आमच्याकडे एकाने हे पात्र घेतलं होतं, बाकीच्यांनी दर लढाईनंतर डोक्याला हात लावला, पण त्याला कधी काढलं नाही.

अभ्यासाचं म्हणाल तर सगळं वाचूच नका. ड्रॅगन पास नावाचा भाग घ्या, त्यातलं एक कुळ, शेजारचं एक वैरी कुळ, आणि पहिल्या रात्री त्यांच्या गायी पळवायला जा. संपत्ती तिथे गायीतच मोजतात. एवढ्यावर सहा महिने सहज निघतात. बदकं दुसऱ्या महिन्यात आणा.

प्रश्न (कोल्हापूर): वॉरहॅमर फँटसी रोलप्लेमध्ये फासा टाकून धंदा मिळतो, मला उंदीर पकडणारा मिळाला. बाकीच्यांचे हिरो आणि मी हा. बदलून मागू का?

उत्तर: अजिबात नाही! १९८६ च्या मूळ पुस्तकापासून उंदीर पकडणाऱ्याला एक छोटं पण खुनशी कुत्रं मिळतं, त्या कुत्र्यासाठी लोक भांडतात. हे जग म्हणजे जुन्या जर्मन साम्राज्यासारखा चिखल, रोगराई, भ्रष्ट शिपाई, आणि सगळ्याच्या मुळाशी केऑसची, म्हणजे सगळं विकृत करणाऱ्या दुष्ट शक्तींची, कीड. इथे आपला गडी जखमी झाला तर बहुधा न्हाव्याकडे जातो, वस्तऱ्यासकट, आणि जखम चिघळली तर पाय कापायची वेळ येते. त्या चिखलात हिरोपेक्षा उंदीरवाला जास्त दिवस टिकतो.

प्रश्न (न्यू जर्सी): मुलगा ११ वर्षांचा आहे, शाळेतल्या मित्रांबरोबर खेळायचं म्हणतोय. मला यातलं ओ की ठो कळत नाही. कुठलं जग द्यावं?

उत्तर: रेल्म्सच द्या, दुसरा विचार नको. फॅन्डेल्व्हर नावाची सुरुवातीची कथा आहे, नेव्हरविंटर शहराजवळच्या एका छोट्या गावाची, मूळ बॉक्स २०१४ चा, त्यात तयार पात्रं येतात, मुलं पहिल्याच दिवशी खेळायला लागतात. रेव्हनलॉफ्ट मागितलं तर तेवढं थांबवा, ते १९८३ पासूनचं भयकथेचं जग आहे, धुक्यात अडकलेला बॅरोव्हिया प्रांत, आणि स्ट्राड नावाचा व्हॅम्पायर, ज्याने भावाच्या होणाऱ्या बायकोच्या मोहात भावाला त्याच्या लग्नाच्याच दिवशी मारलं. सोळाव्या वर्षी मस्त वाटतं, अकराव्या वर्षी रात्री तुमच्या खोलीत झोपायला येईल. आणि ताई, एकदा टेबलावर तुम्हीपण बसा की, रविवारी दोन तास.

प्रश्न (रत्नागिरी): मी स्वतःचं जग बनवतोय. तीन वर्षं झाली, सहाशे पानं झालीत, दोन भाषा, चौदा राजघराण्यांच्या वंशावळी. अजून एकही सेशन झालेलं नाही, कारण दक्षिणेकडचा खंड बाकी आहे. कधी सुरू करू?

उत्तर: अरे बाबा! दक्षिणेकडच्या खंडात कोण जाणारे पहिल्या दिवशी?

डेव्ह आर्नेसनचं ब्लॅकमूर १९७१ ला मिनेसोटात सुरू झालं ते एक किल्ला आणि त्याच्या खालची तळघरं एवढ्यावर. ते बघून गॅरी गायगॅक्सने पुढच्या वर्षी विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावात आपल्या घरी ग्रेहॉक सुरू केलं, तेही किल्ला आणि तळघर, पहिले खेळाडू घरचीच पोरं, एर्नी आणि एलिस. 'वर्ल्ड ऑफ ग्रेहॉक' म्हणून नकाशासकट पुस्तक छापलं ते १९८० ला, म्हणजे मधली आठ वर्षं ते जग टेबलावरच वाढत होतं. आणि त्या जगात आज जी भारदस्त नावं वाटतात ती कशी आली माहितीये? मेल्फ हा महान एल्फ जादूगार म्हणजे गायगॅक्सच्या धाकट्या मुलाच्या, ल्यूकच्या पात्राच्या शीटवर पुरुष या अर्थाचं एम आणि त्यापुढे एल्फ लिहिलेलं होतं, तेच जोडून वाचलं. ड्रॉमिज म्हणजे जिम वॉर्ड या खेळाडूचं नाव इंग्रजीत उलटं. तुझ्या चौदा घराण्यांपेक्षा ही दोन नावं जास्त टिकलीत, पन्नास वर्षांनंतरही लोक मेल्फचा अॅसिडचा बाण मारतायत.

तू असं कर. तुझ्या नकाशातलं एक गाव घे, खाडीच्या कडेचं वगैरे, तुला जवळचं वाटेल असं. त्या गावात माणूस जखमी झाला तर कुणाकडे नेतात ते एका पानावर लिही. वैद्याकडे? भगताकडे? का देवीला कौल लावतात, आणि तिने डावा दिला तर? औषध कुठून येतं, होडीने येत असेल तर पावसाळ्यात काय करतात, आणि बरं झाल्यावर त्या माणसाच्या डोक्यावर कुणाचं देणं राहतं? एवढं लिहिलंस की शनिवारी तिघांना बोलाव आणि पहिल्याच प्रसंगात एकाला पाडून टाक. सहाशे पानांचं बाड माळ्यावर ठेव, रद्दीत देऊ नकोस. त्या दोन भाषांमधल्या शिव्या तेवढ्या वेगळ्या काढून ठेव, त्या शनिवारीच लागतील.